रोज

नोकरी सोडल्याच्या नवव्या दिवशी
कनिष्कचा फोन आला, गुरगावहून.
"मॅम, आपका एक्सपेक्टेड डे रेट?"
पाहून सांगते, मी म्हटलं,
जणू रेट आतल्या खोलीत कपाटावर ठेवलाय
आणि फक्त स्टूल आणायचं आहे.

पगाराला बावीसनं भागलं.
नव्वद हजारांचे चार हजार नव्वद,
वर शंभर-दोनशे, लाजत लाजत.
बारा वर्षं मिहानमध्ये बसून
दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधल्या,
आणि स्वतःचं गणित एवढंच येत होतं.

मानेवाड्याच्या चौकात ठिय्या आहे.
सकाळी साडेसातला तिथं थाप्या, घमेली, डबे, दुपट्टे.
एखादी गाडी हळू झाली की
पाचजण एकदम चाकाला भिडतात.
सुखदेव उईके भिडत नाहीत.
ते मागं, बंद रसवंतीच्या पायरीवर,
ओळंबा खिशात घालून.
आमच्या न्हाणीची फरशी त्यांचीच.
उतार असा, की पाणी विचारत नाही कुठं जाऊ.

त्यांना कागद दाखवला.
आकडा त्यांनी पाहिलाच नाही.
"पान्याचे दिवस धरले का, मॅडम?"
माझं काम घरात, म्हटलं, पंख्याखाली.
"मंग तापाचे? मारबतीचे?
एक काम सुटलं, दुसरं लागलं नाई, त्या मधातले?
बसल्या दिवसाचा रोज
उठल्या दिवसातूनच काढा लागते."

रात्री कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.
शनिवार-रविवार गेले, सणांचे बारा गेले,
आजारपणाला दहा,
आईच्या मोतीबिंदूला चार,
रिकाम्या दिवसांना चाळीस, हात आखडत.
तीनशे पासष्टातून उरले एकशे पंच्याण्णव.
त्यांच्याच डोक्यावर विमा, लॅपटॉप,
आणि पीएफ नावाची गेलेली सावली.
आकडा आठ हजारांवर जाऊन थांबला.
मी तो पुसला. पुन्हा केला. तेवढाच आला.

"एकडाव सांगून टाकाचा," उईके म्हणाले होते,
"अन् मंग तोंडात पानी धराचं. गिळाचं नाई."

दुसरा फोन दुपारी तीनला, शेहेचाळीस डिग्रीत.
"वहाँ बारिश हो रही है क्या, मॅम?"
कूलर होता. उठून बंद केला.
आठ हजार, म्हटलं,
आणि तांब्या तोंडाला लावला.

"मार्केट डाऊन है, मॅम."
पाणी.
"आप पहली बार कॉन्ट्रॅक्ट में आ रही हैं ना."
पाणी कोमट.
"मेरे पास और भी प्रोफाइल हैं."
खोली तापू लागली. बंद कूलरची खस
थेंब थेंब गळत होती, मोजल्यासारखी.
"हॅलो? मॅम? साढ़े छह करा देता हूँ... सात...
चलिए, सात-दो पे क्लोज करते हैं."
गिळलं, आणि हो म्हणून बसले.
अजून एक घोट धरवला असता, हे नंतर कळलं.

क्लायंटकडून तू किती घेतोस, मी विचारलं.
"वो कॉन्फिडेंशियल है, मॅम."
मग तो पहिल्यांदाच गप्प बसला.
त्याच्याही तोंडात पाणी असावं.

सकाळी ठिय्यावर उईके उठून उभे राहिले.
"कितीले तुटला?"
त्यांचा रोज नऊशे, तोही माल वेळेवर पोचला तर.
साडेतीन, मी म्हटलं. साडेतीन हजार.
समोर कोणीच घासाघीस करत नव्हतं,
तरी निम्म्यावर आले.

"पयल्या कामाले बरा हाये," ते म्हणाले, मनापासून.
"पुढच्या डावाले पाचाच्या खाली उतरू नका."

तेवढ्यात एक बोलेरो हळू झाली.
काचेतून दोन बोटं बाहेर आली. दोन माणसं.
पाचजण धावले.
उईके पायरीवर परत बसले,
ओळंब्याची दोरी गुंडाळत.
मी स्कूटर सुरू केली नाही,
तोंड भरल्यासारखी उभी राहिले.