पाट्याला टाकी

रविवारी पाणी सव्वासहाला येतं, म्हणजे आलं तर.
दोन घागरी भरल्या की नळ खोकतो,
आणि आज नेमका तेवढ्यात फोन:
महानंदा, समुद्रातल्या तिच्या बेटावरून.
तिकडं बाजार उठत आला होता.
"ताई, इथली वाळू काळी आहे, आपल्या रानासारखी.
डोंगर परवा पुन्हा धुरला.
आम्ही मासे घेतले, गॅस भरून आणला, चपला शिवल्या.
तू काय करलालीस?"

मी म्हटलं, तेच. मासे सोडून.

मग ती म्हणाली, पाटा आहे का अजून?

आहे. पण गुळगुळीत झालाय,
मिरची त्याच्यावरून नुसती घसरते.
दिवाळीला येणार ती,
इतक्या लांबून येऊन मिक्सरमधलं खाणार?

म्हणून स्कुटीवर पायांत पाटा, गोणपाटात गुंडाळलेला,
मागं दळणाचा डबा, आणि मी मध्ये,
निलंग्याच्या खड्ड्यांतून, गरोदर बाईसारखी सावकाश.

मन्मथअप्पांच्या गिरणीत माझ्याआधी कुणाची तरी हरभऱ्याची डाळ.
"थांबा जरा, भाकरीला बेसनाचा वास लागंल."
थांबले. तेवढ्यात कुकरची रिंग.
पाच लिटरची मागितली, त्यानं साडेपाचची दिली,
म्हणाला, उकळून घ्या, बसते.
बसत नाही. दरवेळी हेच म्हणतो, दरवेळी मी घेते.

भूक लागली तेव्हा चौकातला राइस,
पिवळाधमक, कागदावर, हात भाजेल असा.
चटणीनं नाक वाहायला लागलं
आणि शेजारचा म्हातारा गाडेवाल्याला म्हणाला,
आज तिखट विसरलास का रं?

तिम्मव्वा बसस्टँडच्या भिंतीला बसते,
छिन्नी, हातोडी, आणि झाकण नसलेली पाण्याची बाटली.
तिनं पाटा उलटा केला, बोटाच्या पेरानं वाजवला,
डॉक्टर पाठ वाजवतात तसा.
"कुठला?"
गावाकडचा.
"कुठलं गाव?"
सांगितलं.
मग तिनं पुढं काही विचारलं नाही.
त्या गावाच्या नावापुढं इकडं कुणी विचारत नाही.

पहिल्याच घावाला ठिणगी उडाली,
आणि वास. जळका, काडेपेटीसारखा, पण त्याहून जुना.
शाळेत शिकवलं होतं की हा दगड एकदा पातळ होता,
पिठल्यासारखा रटरटत जमिनीतून वर आला,
थरावर थर पसरला, आणि निवला.
निवायला किती रविवार लागले
ते काही पुस्तकात नव्हतं.
पूर्ण निवला का, तेही नव्हतं.

गणपती बुडवून आलेल्या रात्रीची ती पहाट.
मी तिसरीत, महानंदा पाळण्यात.
भिंती याच दगडाच्या, दोन-दोन हात रुंद.
आई दुसऱ्या दिवशी सापडली.
पाटा तेराव्याला.
कोपरासुद्धा उडाला नव्हता त्याचा.
आज्जी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

"मधी काय काढू? फूल का मासा?"
तिम्मव्वानं कपाळावरची धूळ पुसली, म्हणजे पसरवली.
मी म्हटलं, मासा.
ऐंशी सांगितले होते, साठ घेतले.
का, ते तिनं सांगितलं नाही,
आणि डबा आणायला उशीर झाला म्हणून
अप्पा मात्र रागावले.

संध्याकाळी मूठभर तांदूळ वाटून टाकून दिले,
मग पुन्हा मूठभर. कच जायला पाहिजे.
मग कारळं, लसूण, मीठ.
वरवंटा पाट्यावर घरघरायला लागला
तसा फोन जवळ धरून तिला पाठवला
नुसता आवाज.

भाकरीचा तिसरा घास आणि विरेश थांबला.
"आई, दाताखाली कायतरी लागलं."
मी म्हटलं,
मासा आहे बाबा, काटे असतात त्याला.
हळू खा.