मिनिटाला चाळीस थेंब

मकरपुऱ्याच्या पंप कारखान्यात, पहिल्या मजल्यावर,
जिथे पंखा फिरतो पण वारा खालच्या शेडकडेच जातो,
मी मॅन्युअलं इंग्रजीतून जर्मनमध्ये नेते.
मधल्या वाटेवर मराठी लागते.
तिचं नाव पगारपत्रकात नाही.

पान एक्केचाळीस. छोटंसं वाक्य:
सील कोरडं पडू देऊ नका.

सॉफ्टवेअरच्या मसुद्यात तिथे रोब्ब बसलाय.
मिशाळ, गुळगुळीत, बर्फावर पोट घासणारा,
आमच्या तीन अश्वशक्तीच्या पंपात दडपून बसवलेला,
आणि त्याला कोरडं पडू देऊ नका अशी ठळक अक्षरांत ताकीद.
खरंच आहे म्हणा. देऊच नये.
विश्वामित्रीच्या पुलाखाली मगरी ऊन खात पडतात,
त्या गावात हा प्राणी कुणी पाहिलाय?
मी हसले. मग लक्षात आलं,
एकटीच हसतेय.

पान एकोणपन्नास. सील तुटल्यास हमी रद्द.
हे निराळं. हे झीगेल.
लाखेचं, शिशाचं, कुणाच्या तरी शब्दाखातर डकवलेलं.
दांडिया बाजारात आमच्या घरमालकांकडे, हिर्लेकरांकडे,
संस्थानी मोहोर असलेला एक कागद काचेत लावलाय.
त्यावरची मोडी घरात कुणालाच वाचता येत नाही,
मोहोर मात्र पाहुण्यांना दाखवतात.
आणि गेल्या महिन्यात कॉर्पोरेशननं
घाणेकरांचं शेवउसळीचं दुकान सील केलं
तेही झीगेलच, क्रियापद होऊन आलेलं.
कुलपाला कापड, कापडावर लाख,
आणि शटरच्या फटीतून आठवडाभर तिखट तर्रीचा वास.

पान बावन्न. सुट्या भागांची यादी.
सील, नग दोन.
पुढेमागे काही नाही. ना ओलं, ना तुटलेलं.

जिना उतरून जीवणकाकांना विचारलं.
"कयुं सील, बेन?"
त्यांनी ड्रॉवर उपसला
आणि तळहातावर एक काळी रबरी रिंग ठेवली,
तान्ह्या मुलीच्या बांगडीएवढी.
डिश्टुंग, मी मनात म्हटलं.
मराठीत मी तिला सीलच म्हणते.

मग न विचारता म्हणाले,
आधीच्या पंपांना ही नव्हती. दोर भरायचो, ग्रीस लावलेला.
नवी पोरं नट आवळतात, आवळतच राहतात,
गळती बंद केली म्हणून खूश होतात.
बंद केली की शाफ्ट जळतो, बेन.
थोडं गळायला पाहिजे.
मिनिटाला चाळीस थेंब.
बसून मोजायचे.

वर आले. शब्दकोश उघडला, सवय म्हणून.
डिश्टुंग. एक: गळती थोपवणारी वस्तू.
दोन: कविता.
विद्यापीठात वर्णेकर बाईंनी बजावलं होतं,
ही मुळं वेगळी. एक आलं घट्टपणातून,
दुसरं लॅटिनमधून, सांगून लिहवून घेण्यातून.
दारावरची पाटी तेवढी एक.
मी उत्तरपत्रिकेत त्यांचं नातं जोडलं होतं.
तीन गुण गेले.

बाईंचं बरोबरच असणार.
पण माझ्या खणात, जुन्या वर्क-ऑर्डरींच्या पाठीवर,
काही ओळी आहेत,
जीवणकाकांनाच काय, घरीही ठाऊक नसलेल्या.
एकेक शब्द काढत, आवळत,
थेंब सुटणार नाही अशा केलेल्या.
आज वाचल्या तर
जळकट वास आला.

यादीत लिहिलं: डिश्टुंग, नग दोन.
ब्राउनश्वाइगच्या गोदामात कुणीतरी खोकं उघडून
मोजेल, बरोबरची खूण करेल.

खाली चाचणीला एक जुना पंप लावलाय, दोर भरलेला.
त्याच्याखाली पत्र्याचा डबा.
जिन्यातून आवाज येतो.
छत्तीस. सदतीस. अडतीस.

फोन वाजला.
पान एक्केचाळीस झालं का, विचारतायत.