पाढे

पहाटे पावणेपाचला फुटाळ्यावर वारा असतो, तेवढाच.
सहाला एप्रिल दार लावून घेतो.

सुकेशिनी पी.टी. शिकवते. म्हणाली,
"बोलता येईल इतकंच पळायचं.
दम तुटला की समज,
उधारीवर पळून राह्यली तू."

पण एकटीनं बोलायचं काय?
म्हणून पाढे.

पहिल्या दिवशी साताचा घेतला.
सात चोक अठ्ठावीसला चहाची टपरी आली.
सात पंचेला ओठ होते, हवा नव्हती.
टपरीवाला म्हणाला, "काहून थांबल्या मॅडम?"

दोन आठवडे अठ्ठावीसच.
मग एकदा पस्तीस, मोडक्या बाकापाशी.
मग बाराचा अख्खा, आणि परत येताना उलटा.
मे लागला तेव्हा एकोणीस,
चौथीत ज्यानं हातावर वळ उठवले होते, तोच.
आता बुटांखाली निमूट येतो:
एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस.

काल सेमिनरी हिल्सच्या चढावर
सुकेशिनीनं शिट्टी काढली.
"या खांबापासून त्या खांबापर्यंत. पाढा नको."

सुटले.
बांगडी कोपराकडे सरकली,
कानात नुसता भाता,
आणि दुसरा खांब अंगावर आला
तेव्हा मी त्याला मिठीच मारली.

"किती सेकंद वाटले?"
सांगता येईना.
ट्रेझरीत बावीस वर्षं
रकाने जुळवते मी,
आणि आज
हातचा एकही नाही.

"पुन्हा," म्हटलं.
आवाज निघाला नव्हता,
पण ती खाली चालू लागली होती,
पहिल्या खांबाकडे.