मेंबरला फोनवर द्या

ऑर्व्हिलच्या कानांची दोन मशिनं
मंजूर झाली, असं ऑक्टोबरात पत्र आलं.
नोव्हेंबरात एकच आलं,
तेही दुसऱ्याच कुणाच्या कानाचं.

फोन केला. बावीस मिनिटं ती धून वाजत राहिली,
एकाच जागी अडकलेली,
मग मधाळ आवाजाची एक पोरगी म्हणाली,
नियम आहे, मॅडम, मेंबरशीच बोलावं लागेल.
मेंबरला फोनवर द्या.

मेंबर समोरच बसला होता
खिडकीतून सरोवराकडे बघत.
एकतीस वर्षं डुलुथच्या खनिजधक्क्यावर,
जहाजांच्या पोटात दगड कोसळताना
त्याचे कान तिथेच कुठेतरी सांडले.
दिला त्याच्या हातात फोन.
तिनं जन्मतारीख विचारली असावी.
"नको, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही,"
म्हणाला, आणि ठेवून दिला.

हसा खुशाल. मीही हसले होते.
चौथ्या खेपेला मात्र रडले,
सिंकचा नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून.
नळ कशाला सोडला, देव जाणे.
त्याला कुठे ऐकू येणार होतं.

गुरुवारी युनियन हॉलच्या तळघरात
आम्हा निवृत्तांची पातळ कॉफी असते.
तिथे बर्नडेट ल्युकोव्हिच, जिनं अर्ध्या गावाला
बीजगणित शिकवलं, उरलेल्या अर्ध्याला नापास केलं,
मला म्हणाली, "एल्मा, फोनवर गोड बोलतेस ना?
बोल. पण लिहून घेत जा."
एक निळी वही पुढे सरकवली.
नाव. तारीख. किती वाजता, किती मिनिटं.
कॉलचा नंबर. काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत.
"तोंडी तक्रार म्हणजे वाफ गं.
कागदावर आली की तिला वजन येतं,
आणि त्यांना मुदत लागते."
शिवाय एक फॉर्म: ऑर्व्हिलनं सही करायची,
की यापुढे त्याचं तोंड मी.
(त्याने सही केली. "आतापर्यंत कोण होतं?" म्हणाला.)

शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं
साडेअकराच्या आत चारशे बारा ताटं मोजली मी.
हिशेब मला नवा नव्हता.
फक्त हिशेब मागणं म्हणजे भांडण, असं वाटायचं.
आणि त्या एका संपाची आठवण बुजली होती,
पगारवाढ सोडून याच म्हातारपणाचा विमा
करारात लिहून घेतला होता त्यांनी;
तेरा आठवडे आम्ही बटाटे खाल्ले होते.
मग ही भीक कशी?

पत्र लहानच झालं.
आठ फोन. एकशे एकोणनव्वद मिनिटं. पाच नावं.
चुकीचं मशीन सोबत परत पाठवत आहे,
ज्याचं असेल तो वाट बघत असेल.
माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही.
ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी फोनवरच बोलायचं
हा तुमचा नियम कृपया लेखी कळवावा.

बर्नडेटची लाल पेन्सिल शेवटच्या ओळीवर थांबली.
"याला हात लावू नकोस," म्हणाली.
रजिस्टर केलं. पावती फ्रिजवर,
नातवाच्या फोटोच्याही वर.

नियम काही आला नाही.
फेब्रुवारीत माफीची साडेतीन वाक्यं आली,
मागोमाग दोन मशिनं, दोन्ही त्याचीच.
परतताना त्यानं गाडी कालव्यापाशी थांबवली.
जहाजं मार्चपर्यंत बंद. भोंगा नाही, काही नाही.
तरी काच खाली करून बसला, उणे अकरात,
बर्फ तडकत होता तो ऐकत.
मी गारठले. बोलले नाही.

परवा माझ्या गुडघ्याच्या बिलासाठी
पुन्हा फोन लावून बसले होते, स्पीकरवर.
तो आतून आला, मान तिरकी करून उभा राहिला.
"ही कसली धून?"
"विम्याची. सतरा मिनिटं झाली."
अजून थोडं ऐकलं त्यानं.
"वाईट नाही," म्हणाला, खुर्ची ओढली,
आणि वहीचं नवं पान उघडून
माझ्याकडे सरकवलं.