रिकामा ताप

वरणगाव, मे. रात्रीचे अकरा वाजले तरी
पत्र्याचा उकाडा उतरला नव्हता,
म्हणून आधी त्याच्यावरच ढकललं.
मग सेटच्या पाठीला हात लागला
आणि चटका बसला.

नऊपासून बटण दाबलं नव्हतं मी.
नुसती ऐकत होते : खरखर,
खरखरीमागे कुणीतरी मोर्स ठोकतंय
दुसऱ्याच कुणासाठी.

भिरूडभाऊ फोनवर म्हणाले,
'पंखा लावून दे ना ताई, काय जागू राह्यली?'
लावला. गरम वारा, गरम धातूवर.
पण सप्लायचा काटा खोटं बोलत नाही :
ऐकायला एक अँपिअर पुरतो,
हा बसल्या जागी चार खात होता.

झाकण उघडलं. स्क्रू वाटीत.
मीटरची टोकं धरून उलटी निघाले,
आउटपुटकडून मागे, मागे,
तर ज्वारीच्या दाण्याएवढा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट.
ऐकताना दार लावून घ्यायचं, एवढंच त्याचं काम.
ते उघडं राहिलं
आणि पुढचे दोघे थोरले
तासन् तास उभे, बोलायच्या तयारीत,
कुणी काही सांगितलेलं नसताना.

तळोद्याचे दगाजी नऊला यायचे, चाळीस मीटरवर.
होळीपासून आले नाहीत.
मी अजून नऊला माइक हातात घेऊन बसते.

जुन्या टेपरेकॉर्डरमधला दाणा काढला,
झाळून बसवला.
पहाटे पाठ थंड. काटा एकावर.
एक स्क्रू कूलरखाली गेला तो गेलाच,
तीनवरच चाललंय.