बटणाची जागा

कुलदीप भोपळे जिप्सी घेऊन आला सोमवारी,
उद्यमनगर बंद असताना.
मागच्या सीटवर चार दिवे, खोक्यासकट,
पोरांना बेल्ट लावून बसवावं तसे.
"वहिनी, चारही टपावर घ्या. नादखुळा दिसलं पाहिजे."

पाटीवर अजून यांचंच नाव, मुल्लाणी ऑटो इलेक्ट्रिक.
यांची बोटं आता तार सोलत नाहीत,
नुसता चहाचा कप धरतात, तोही दोन्ही हातांनी.
पण खुर्चीतून लक्ष सगळं.
म्हणाले, "टपावरचा उजेड बॉनेटवर सांडतोय.
आपल्याच गाडीचं नाक बघत जाणार काय रं बाजारभोगावला?"
मग दोन टपावर ठरले, लांबचे, जरा मागं सरकवून,
आणि दोन खाली बंपरला, पिवळे, रुंद,
गगनबावड्याच्या धुक्यासाठी.
वरून मारलेला उजेड धुकं परत तोंडावर फेकतं
हे पोराला पटेस्तोवर दोन चहा झाले.

पट्टी पाच एमएमची.
समोरच्या शेडमधल्या अण्णाप्पानं वाकवून दिली
अर्धंच शटर वर करून, सुट्टी मोडल्याचं कुणाला दिसू नये म्हणून.
भोकांच्या कडांना कानस, मग रेड ऑक्साइड,
मग दोन्हीकडून रबरी वायसर, कारण
दिवा दगडानं जातो कमी,
थरथरीनं जातो जास्त.
हे मी बोलून गेले.
यांनी कप खाली ठेवला.
मी पान्हा शोधत राहिले, हातातच असलेला.

बॅटरीपासून जाड तार, वीतभर अंतरावर फ्यूज.
रिलेचे पाय मला पाढ्यासारखे पाठ:
तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी.
तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवे,
पंच्याऐंशी चॅसीला, रंग खरवडून, लोखंड चकाकेपर्यंत.
शहाऐंशीला बटण.
बटणातून जातो तो नुसता निरोप.
भार दुसऱ्याच वाटेनं जातो.
लग्नानंतर तिसऱ्या वर्षी हे यांनी शिकवलं
बल्बच्या खोक्यावर पेन्सिलीनं चित्र काढून.
खोकं माळ्यावर आहे. पेन्सिल पुसट झालीय,
आकडे वाचता येतात.

अंधार पडल्यावर फौंड्रीच्या भिंतीवर खडूची रेघ,
गाडी पंचवीस फूट मागं.
भिंतीवर उजेडाची चार ताटं, त्यातलं एक कललेलं.
मी नट पाव फेरा देते, हे खुर्चीतून,
"अजून. अजून. लई झालं. मागं. बास."
वॉचमनचं कुत्रं आपल्याच सावलीवर भुंकून दमलं.

राहिलं बटण.
कुलदीपला ते टेपच्या शेजारी हवं होतं, निळ्या लाइटचं, ओळीत.
म्हटलं, बस. डोळे मीट. हात टाक.
हात पडला स्टिअरिंगच्या डावीकडं, खाली, गुडघ्याच्या वर.
तिथं मी ड्रिल लावला.
"हितं? कुणाला दिसणार न्हाई वहिनी."

तेव्हा हे बोलले, हळू.
"फेजिवड्याच्या पुढं एकदा गवा आडवा आला.
उजेडात असा गच्च उभा, हलंना.
माझं बटण पार तिकडं, मी चाचपतोय, चाचपतोय.
त्याच्या नाकातनं वाफ.
सापडलं, विझवलं.
मग काळोखात तो शेजारनं गेला,
सकाळी दाराला चिखल होता, माझ्या खांद्याइतका वर."

कुलदीप काही बोलला नाही. डोळे मिटून हात टाकला.
टक्. भिंत गेली.
टक्. भिंत आली.

मग हे उठले.
खिडकीतून हात आत घातला, कापत, मी धरू की नको,
आणि पहिल्या फटक्यात, न बघता,
टक्.

नंतर बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.
कुलदीपनं पैसे अंधारातच मोजले,
पन्नास जास्त निघाले.