पाठीला पाठ

लुइस्टनचं वाचनालय, तळमजला, मंगळवार, चार वाजता.
बाहेर मार्चचा बर्फ, राखाडी, मिठात कालवलेला.
मी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडते.
हिबो विचारते, "भांडण, ल्युसिएन?"
"नाही गं. फोन."
फोनवर ओठ दिसत नाहीत,
आणि तिचं निम्मं इंग्रजी
आजवर माझ्या ओठांवरून उचललेलं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं :
तुम्ही कमी बोला.
तिच्या तोंडचा शब्द ओढून काढू नका.
ती अडली तर दहापर्यंत मोजा.
चाळीस वर्षं मी बुटांच्या कारखान्यात टाचा ठोकल्या.
यंत्रांच्या गोंगाटात गप्प बसणं सोपं असतं,
इथे नाही.

"ट्रिंग," मी म्हणते, आणि ओशाळते.
"दातांचा दवाखाना. बोला."
"हॅलो. माझा मुलगा... माझा मुलगा दात दुखतो."
कळतंय की.
अशा रात्री अख्खा मुलगाच दात होतो.
मी दुरुस्त करत नाही.
"कधीपासून?"

शांतता.
हीटरची नळी खोकते.
मागे तिच्या जाकिटाची चेन वर, खाली, वर.
मी मोजू लागते, मनात,
निदान मला वाटलं, मनात :
अं. द्यू. त्र्वा.

साठ वर्षं झाली.
हे आकडे शाळेच्या आवारात तोंडातून निसटले
की संध्याकाळपर्यंत कोपरा.
मग ते मी आईच्या स्वयंपाकघरात ठेवले.
आई गेली, स्वयंपाकघरही विकलं.
टाचा मोजता मोजता
तेवढेच उरले असतील, मलाही न कळता.

पाठीमागून, अगदी हलकेच :
"कात्र्."

जिबुतीच्या शाळेत तिलाही
याच आकड्यांपायी पट्टी बसली होती.
तिला, येत नाहीत म्हणून.
मला, येतात म्हणून.
हे ती नंतर जिन्यात सांगणार होती,
तीन भाषा एकात एक कालवून.

तेव्हा खुर्च्या वळल्या नाहीत.
एक आकडा माझा, एक तिचा,
मध्ये लाकूड.
"दीस" म्हणताना ती हसली,
ते माझ्या मणक्याला कळलं.

मग तिनं घसा साफ केला.
"रविवारपासून," इंग्रजीत. "रात्री जास्त.
आज नाही, तर उद्या पाहिजे."
पाहिजे. 'कृपया' नाही, 'जमेल का' नाही.
ते शिकवायचं राहिलंय.
राहू दे.
मी वहीची पानं मुद्दाम वाजवून चाळली.
"उद्या, सव्वातीन. मुलाचं नाव सांगा,
सावकाश,
एकेक अक्षर."